पडलेल्या झाडाला कटर लावण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मे उजाडला की सगळ्याच वर्तमानपत्रांत वादळाच्या तयारीची चौकट छापून येते. बॅटरी, मेणबत्त्या, कोरडा शिधा, औषधे, मोबाइल चार्ज करून ठेवा. सगळे बरोबरच आहे, पण वादळ गेले की ती चौकटही संपते आणि कोकणातले निम्मे काम तिथून सुरू होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा श्रीवर्धन-मुरूडपासून मंडणगड-दापोलीपर्यंत नारळ-सुपारीच्या वाड्या आणि आंबा-फणसाची जुनी झाडे आडवी झाली. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते इथे जमिनीवर न येता समुद्रातून गुजरातकडे गेले, तरी जाता जाता परसातली झाडे पाडून गेले. तेव्हापासून चेनसॉ, म्हणजे गावात ज्याला सरसकट कटर म्हणतात तो, वाडीवाडीत पोहोचला आहे. मशीन घरपोच मिळते, पण ते पडलेल्या झाडावर कसे चालवावे हे सांगायला कोणी येत नाही. म्हणून हे पत्र. लांबले आहे याची कल्पना आहे; कात्री लावायचीच तर वीज आणि ताण हे दोन भाग तेवढे ठेवावेत.

पडलेले झाड हे उभ्या झाडापेक्षा फसवे असते. उभ्या झाडाचे वजन कुठे कलले आहे ते खालून दिसते. आडव्या झाडाचे वजन चार-पाच फांद्यांवर, कुंपणावर, शेजारच्या पोफळीवर (सुपारीच्या झाडावर) आणि अर्धवट उपटलेल्या मुळांवर वाटलेले असते आणि त्यातला एक टेकू तुम्ही कापला की बाकीचे सगळे हलते. कोणता टेकू कापल्यावर काय हलेल, याचा विचार मशीन सुरू करण्यापूर्वी व्हायला हवा. अर्धा तास नुसते झाडाभोवती फिरून बघण्यात गेला तर तो वाया गेला असे समजू नये.

पहिले बघायचे ते तारा. झाडाखाली, फांद्यांत, कुंपणावर जी तार दिसेल ती चालू आहे असेच धरावे. गावात लाइट नाही म्हणजे तारेत वीज नाही, असे नव्हे. डीपी कधीही पुन्हा चालू होतो आणि शेजाऱ्याचा जनरेटर नीट जोडलेला नसेल तर त्याची वीज उलटी तारेत येते. ओले झाड वीज वाहून नेते, हेही लक्षात असू द्यावे. १९१२ वर महावितरणला कळवावे आणि वायरमनने येऊन तार मोकळी केल्याशिवाय झाडाला कोयताही लावू नये. सुक्या बांबूने तार बाजूला करणारे महाभाग दर वादळानंतर दिसतात. वादळानंतर सुका बांबू कुठे मिळतो, हे त्यांनाच ठाऊक.

दुसरे, वर बघणे. शेजारच्या झाडात अडकून लोंबणारी तुटकी फांदी, कलंडलेल्या माडाचा सैल झालेला झाप, अर्धी चिरलेली डहाळी: खाली मशीनचा हादरा बसला की हे सगळे खाली येते. पडणारे झाड दुसऱ्या झाडावर टेकून राहिले असेल तर त्यावर चढू नये, त्याच्या खाली शिरू नये आणि ज्या झाडाने त्याला धरले आहे ते तर मुळीच कापू नये. लांबून दोर किंवा चेनपुली लावून ओढणे हाच मार्ग, आणि ते काम दोन-तीन जाणत्यांचे आहे.

तिसरे, कागद. कापायला सुरुवात करण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो काढावेत आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा; तुकडे झाल्यावर नुकसानीचा पुरावा राहत नाही. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, खैर, ऐन, किंजळ ही झाडे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत. वाऱ्याने पडलेल्या झाडाला परवानगी नाकारू नये असे त्याच कायद्यात आहे, पण परवानगी मागावी मात्र लागते. शहरी हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा लागतो, तिथे नगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे जावे. झाड घराच्या दारात आडवे असेल तर वाट मोकळी करण्यापुरत्या फांद्या काढायला कोणी अडवणार नाही. खोडाला हात लावण्यापूर्वी मात्र अर्ज टाकलेला बरा.

आणि कापायचेच आहे का, हेही एकदा बघावे. दहा-बारा वर्षांचे कलम एका बाजूला कलंडले असेल आणि दुसऱ्या बाजूची मुळे जमिनीत शाबूत असतील तर फांद्या हलक्या करून, खड्ड्यातली माती ओली असतानाच चेनपुलीने हळूहळू उभे करता येते. तुटलेली मुळे करवतीने साफ कापावीत, जखमांवर बोर्डो पेस्ट लावावी (१ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी) आणि तीन बाजूंनी टेकू द्यावा. ऊन पडून मुळे सुकली की ही संधी जाते.

आता मशीन. परसातल्या कामाला १६ किंवा १८ इंची बार (ज्याभोवती चेन फिरते ती लांब पट्टी) पुरतो. २२ इंची बार लावलेली मोठी मशीन स्वस्त मिळतात म्हणून घेतली जातात, पण लांब बारचे टोक फांदीच्या पलीकडे कशाला लागते आहे ते कापणाऱ्याला दिसत नाही, आणि बहुतेक अपघात टोकाकडूनच होतात. फिरत्या चेनचा टोकाकडचा वरचा चतकोर भाग लाकडाला टेकला की मशीन क्षणार्धात चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. माणसाला हात आवरायला वेळच मिळत नाही. पुढच्या दांड्याला डाव्या हाताचा अंगठा खालून गुंडाळलेला असेल तरच मशीन हातात राहते, आणि मनगट पुढच्या ढालीला लागून चेन ब्रेक, म्हणजे चेन थांबवणारा ब्रेक, पडतो. ही ढाल आडवी येते म्हणून काही जण ती काढून टाकतात. अशा मशीनला हात लावू नये, मग ते कोणाचेही असो. रोज सुरू करताना मशीन जमिनीवर ठेवून, मागचा दांडा बुटाच्या टोकाने दाबून, ब्रेक लावूनच दोरी ओढावी. हातात लोंबत ठेवून झटका मारून सुरू करणे दिसायला ऐटीचे आहे, एवढेच. सुरू झाल्यावर एकदा चेन फिरवून ढाल पुढे ढकलावी. चेन जागीच थांबली पाहिजे. रेस सोडल्यावरही चेन फिरत राहत असेल तर स्लो (रेस न देता इंजिन चालते तो वेग) कमी करून घ्यावा.

टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते. चांगल्या टू-टी ऑइलला १:५०, म्हणजे लिटरला २० मिली. काही मशिनांच्या पुस्तिकेत १:२५, म्हणजे लिटरला ४० मिली असते. जे पुस्तिकेत असेल ते मापाने घालावे. अंदाजपंचे ओतल्यास कमी पडून पिस्टन जाम होतो, नाहीतर जास्त होऊन प्लग काळा पडतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असल्याने ते हवेतले पाणी ओढते. मिश्रण महिनाभरात संपेल एवढेच करावे आणि हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवावे. नाहीतर पुढच्या वादळात कार्बोरेटरचा पडदा कडक झालेला असतो आणि दोरी ओढून खांदा दुखतो, मशीन काही सुरू होत नाही.

चेनचे तेल वेगळे. गॅरेजमधले जळके ऑइल फुकट मिळते म्हणून घालतात. त्यात धातूचा कीस असतो, पंप चोंदतो आणि बारची खाच झिजते. तेल येते की नाही हे बघायला बारचे टोक पांढऱ्या कागदावर वीतभर उंच धरून रेस द्यावी. कागदावर तेलाची बारीक रेघ उठली पाहिजे. प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना हेही तेल भरावे. चेन थंड असताना ती बारला खालून लागलेली असावी आणि तरी हातमोजा घातलेल्या हाताने सहज ओढता यावी. तापली की सैलावते, मग पुन्हा कसावी लागते. पण काम संपल्यावर ती सैल करायला विसरू नये, थंड होऊन आखडली की सगळा ताण बेअरिंगवर येतो.

चेनला धार आहे का, हे भुशावरून कळते. धारदार चेन लाकडाचे कीस काढते, बोथट चेन पीठ. पीठ पडायला लागले की माणूस मशीन दाबायला लागतो आणि तिथून घसरण सुरू होते: बार तापतो, हात थकतो, टोक कुठेतरी लागते. टाकी संपली की कानस मारायची, ही सवय लावून घ्यावी. .३२५ पिचच्या (पिच म्हणजे कड्यांमधले इंचांतले अंतर) चेनला ४.८ मिलिमीटरची गोल कानस, ३/८ च्या चेनला ५.२ ची, आणि छोट्या मशिनांवरच्या बारीक ३/८ चेनला ४ ची लागते. दात आतून बाहेर, ३० अंशांच्या कोनात, प्रत्येकाला सारखेच दोन-तीन हात. एका बाजूचे दात जास्त झिजले तर काप सरळ जाणार नाही, कमानीसारखा वळेल. मातीला एकदा चेन लागली तरी धार गेलीच. जांभ्या दगडाला लागली तर बोलायलाच नको. परसातल्या झाडात खिळे, कपडे वाळत घालायच्या दोरीचे हूक, जुने काटेरी कुंपण गिळलेले असते. सालीवर गाठ किंवा कापात काळा डाग दिसला की हात थांबवावा.

झाडांचे स्वभावही वेगवेगळे. फणसाचा चीक चेन आणि बारच्या खाचेत बसून घट्ट होतो. दर टाकीला बारवरचे झाकण काढून रॉकेलच्या फडक्याने पुसावे. माडाचे खोड बाहेरून कठीण आणि तंतुमय, त्याचे काथे स्प्रॉकेटभोवती (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाभोवती) गुंडाळतात आणि धार आंब्यापेक्षा फार लवकर जाते. जुना आंबा भिरूड किडीने आतून पोखरलेला असतो, बाहेरून धड दिसणारे खोड मध्येच दबते. फांद्यांच्या ढिगात फुरसे असू शकते, म्हणून पालापाचोळा हाताने न ओढता काठीने आणि कोयत्याने मोकळा करावा.

आता ताण, म्हणजे मुख्य गोष्ट. वाकलेल्या कोणत्याही लाकडाची एक बाजू दबलेली असते आणि दुसरी ताणलेली. खोड दोन्ही टोकांना टेकलेले आणि मध्ये अधांतरी असेल तर वरची बाजू दबलेली. तिथे वरून कापत गेलात तर काप मिटतो आणि बार आत चिमटतो. म्हणून वरून एक चतुर्थांश ते एक तृतीयांश कापावे, त्यात प्लास्टिकची पाचर ठोकावी आणि उरलेले खालून वर कापत यावे. खालून कापताना बारची वरची बाजू काम करते आणि मशीन तुमच्याकडे ढकलले जाते, तेव्हा पाय रोवून उभे राहावे. खोडाचे एक टोक टेकलेले आणि दुसरे अधांतरी असेल तर उलट: वरची बाजू ताणलेली. ते नुसते वरून कापले तर अर्ध्यातच खोड उभे फाटते आणि फाटलेली फळी वर उडते. आधी खालून तिसरा हिस्सा, मग वरून. नियम एवढाच की दबलेली बाजू आधी थोडी, ताणलेली बाजू नंतर पूर्ण. कोणती बाजू कुठली याची शंका असेल तर इंचभर काप घेऊन थांबावे आणि कापाकडे बघावे. मिटत असेल तर दबलेली, उघडत असेल तर ताणलेली.

खोड आडव्या दिशेनेही वाकलेले असू शकते, म्हणजे घराच्या कोपऱ्याला अडून धनुष्यासारखे. अशा वेळी वाकाच्या आतल्या बाजूला उभे राहावे. बाहेरच्या बाजूला उभा असलेला माणूस सुटणाऱ्या लाकडाच्या वाटेत असतो.

सगळ्यात वाईट ती आंब्याखाली दबून कमान झालेली पोफळ. शेंडा जमिनीत, बुंधा जमिनीत, मध्ये वीस फुटांची कमान. तिला वरून एक काप दिला की ती चाबकासारखी सुटते. तिच्या वाकाच्या आतल्या बाजूने, जिथे वाक सर्वांत जास्त आहे तिथे, चेन हलकेच टेकवून थोडे थोडे तासत जावे. ताण हळूहळू उतरतो आणि पोफळ स्वतःच वाकून बसते. पूर्ण तोडायची घाई करू नये. बांबूच्या बेटावर झाड पडले असेल तर तिथेही हेच.

बार चिमटलाच तर आधी इंजिन बंद करावे. हिसके देऊन बार वाकतो. पाचर ठोकावी, पहारीने खोड उचलावे. नाही जमले तर झाकणाचे दोन नट सोडून इंजिन वेगळे काढावे, बार-चेन तिथेच राहू द्यावी आणि हाताच्या करवतीने बाजूने कापून ती सोडवावी.

कामाचा क्रम असा. मनगटाएवढ्या जाडीपर्यंतच्या डहाळ्या कोयत्याने काढून पाय ठेवायला जागा आणि मागे पळायला दोन वाटा मोकळ्या कराव्यात. मग बुंध्याकडून शेंड्याकडे जात फांद्या कापाव्यात, खोड आपल्या आणि चेनच्या मध्ये ठेवून. उतारावर असाल तर नेहमी वरच्या अंगाला. झाड ज्या फांद्यांवर टेकले आहे त्या खालच्या फांद्या अगदी शेवटी, आणि त्या कापण्यापूर्वी खोडाखाली दोन्ही बाजूंनी ओंडके सरकवून ठेवावेत. खांद्याच्या वर मशीन उचलायचे नाही, शिडीवर चढून चालवायचे नाही. ओल्या लाकडाचे वजन पाण्याएवढे धरले तर दीड फूट जाडीचा, मीटरभर लांबीचा ओंडका दीडशे किलोच्या घरात जातो. तो पायावर घरंगळला तर बूट काही करणार नाहीत. तुकडे दोन-अडीच फुटांचेच करावेत.

मुळे उपटून मातीची ताटली उभी राहिलेली असते ती वेगळीच बाब. खोडाचे वजन गेले की ती ताटली आपल्या खड्ड्यात परत बसते, कधी सावकाश, कधी धाडकन. तिच्या मागच्या खड्ड्यात लहान मुले खेळायला उतरतात, कोंबड्या शिरतात, कोणी विसाव्याला बसतो. कापण्यापूर्वी तिथे कोणी नाही हे जाऊन बघावे, कापत असताना तिथे एक माणूस राखणीला लांब उभा करावा. ताटलीला दोराने पलीकडच्या झाडाशी बांधावे आणि बुंधा एकदम मुळापाशी न कापता पाच-सहा फूट ठेवूनच कापावा, म्हणजे ताटली एकदम उसळत नाही. विहिरीच्या काठावर किंवा गडग्याला (दगडी कुंपणाला) लागून असलेली ताटली असेल तर जेसीबी मिळेपर्यंत थांबलेले बरे.

झाड घरावर पडले असेल तर परसातल्या माणसाने कटर घेऊन छपरावर जाऊ नये. कौले निसटतात, सिमेंटचा पत्रा पायाखाली फुटतो आणि कापलेली फांदी घराच्या आत येते. टोकाकडच्या हलक्या फांद्या जमिनीवरून जेवढ्या निघतील तेवढ्या काढाव्यात. पुढचे काम दोर बांधून, फांदी लटकवत उतरवणाऱ्यांचे.

अंगावर काय असावे, याबद्दल आपल्याकडे फारच ढिलाई आहे. वादळानंतर सगळ्याच वर्तमानपत्रांत येणारे छायाचित्र डोळ्यांसमोर आणावे: पायात स्लीपर, कमरेला टॉवेल, गळ्यात उपरणे आणि खोडावर उभा राहून एका हाताने मशीन धरलेला माणूस. खाली कौतुकाची ओळ. चेनसॉसाठी वेगळी पँट किंवा पायांवर बांधायचा पट्टा मिळतो. त्यात लांब धाग्यांचे थर असतात आणि चेन लागताच ते धागे स्प्रॉकेटमध्ये गुंतून चेन थांबते. जीन्सने यातले काही होत नाही. जोडीला जाळी किंवा काच असलेले हेल्मेट, कानावर मफ (या मशीनचा आवाज शंभर डेसिबलच्या वर असतो), पुढे टणक टोपी असलेले बूट. एकट्याने काम करू नये. जोडीदार निदान पंधरा फूट लांब, समोरच्या बाजूला, नजरेच्या टप्प्यात असावा, त्याच्याकडे फोन, दोन स्वच्छ पंचे आणि गाडीची चावी असावी. चेनची जखम फाटलेली असते. पंचा दाबून धरायचा, सोडून बघायचे नाही, आणि १०८ येईपर्यंत वाट बघण्याऐवजी गाडी निघत असेल तर निघायचे.

ग्रामपंचायती आपत्ती निवारणासाठी कटर घेतात, ही चांगली गोष्ट. त्याच खरेदीत दोन हेल्मेट, दोन पायपट्टे, चार पाचरी आणि कानशींचा संच यावा, आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात गावातल्या दोन-तीन तरुणांना एक दिवस एखाद्या पडीक ओंडक्यावर हात बसवायला मिळावा. मशीन कपाटात आणि किल्ली दुसऱ्याकडे, अशा व्यवस्थेपेक्षा हे स्वस्तात पडेल. आपल्या वर्तमानपत्राला विनंती एवढीच की वादळाच्या चौकटीत तारेबद्दल आणि मुळांच्या ताटलीबद्दल दोन ओळी वाढवाव्यात, आणि स्लीपरवाल्या शूरवीराचे छायाचित्र छापू नये.

शेवटी पडलेल्या माडांबद्दल, कारण ते बहुतेक वेळा तसेच राहतात. आंब्या-फणसाचे लाकूड कोणीतरी मागते, सरपणाला जाते (गावाबाहेर न्यायचे असेल तर वनखात्याचा वाहतूक पास लागतो का, ते आधी विचारावे). माडाचे खोड कोणाला नको असते, म्हणून ते वाडीच्या कडेला ढकलले जाते. कुजणाऱ्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो, आणि त्याचे भुंगे उभ्या माडांच्या सुयांत (शेंड्याच्या न उघडलेल्या कोवळ्या पानांत) शिरतात. मागोमाग सोंड्या भुंगा येतो. म्हणून माडाचे खोड दोन-दोन फुटांचे तुकडे करून उभे चिरावे आणि उन्हात वाळवावे किंवा जाळावे. पाऊस लागल्यामुळे ते जमले नाही तर हातभर खोल पुरून टाकावे. बुंध्याचा खुंटही जमिनीलगत कापून मातीने झाकावा. हे पावसाळ्यातच करून घ्यावे, दिवाळीपर्यंत ठेवू नये.

आपले नम्र,
दापोली-मंडणगड भागातले काही बागायतदार आणि कटर चालवणारे